चाळिशी-पन्नाशीतलं वजन: आधी काय, नंतर काय

दर जानेवारीत आणि गणपती उठले की आमच्या सोसायटीत तेच घडतं. कोणी रात्रीचं जेवण सोडतं, कोणी भात बंद करतं, कोणी सकाळी उठून लिंबू-मध सुरू करतं. तीन आठवड्यांत तीन किलो उतरतात, सहाव्या आठवड्यात काटा अडतो आणि चार महिन्यांनी वजन होतं त्याच्याही वर गेलेलं असतं. यात कोणाचीच जिद्द कमी पडत नाही. क्रम चुकतो. खाणं पहिल्याच दिवशी कापलं जातं आणि कापण्याआधी जे करायचं असतं ते कधी होतच नाही.

मीही ४६व्या वर्षी हेच केलं. पैसे भरून एका केंद्रात गेले, दोन्ही जेवणांऐवजी पावडरीचं पेय घेतलं. तीन महिन्यांत ७ किलो उतरले. त्याच सुमारास गॅसचं सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत सरकवायला मुलाला हाक मारावी लागू लागली. वर्षभरात ९ किलो परत आले. ताकद आपोआप परत आली नाही, ती कमवायला मला पुढे दीड वर्ष लागलं. खालचा क्रम त्या दीड वर्षात बसला.

सुरुवातीलाच एक गोष्ट. ‘वय झालं, आता चयापचय मंदावलं’ हे कारण बाजूला ठेवा. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात ६,४००हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च मोजला होता. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर २० ते ६० या वयात तो खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. बदलतं ते वेगळंच. स्नायू हळूहळू घटतात, बसणं वाढतं, झोप मोडते आणि पाळी जाण्याच्या काळात बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काम करता येतं.

पायरी १: दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा

लागणारं सामान: वजनकाटा, शिंप्याची टेप, एक वही आणि तेलाच्या डब्यावर खूण करायला मार्कर.

वजन आठवड्यातून तीनदा घ्या. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा फरशीवर ठेवा, पायपुसण्यावर नको. तिन्ही आकड्यांची सरासरी काढा आणि तेवढीच लक्षात ठेवा. रात्री पापड-लोणचं झालं किंवा पाळी जवळ आली, तर अंगात पाणी धरून काटा सहज एक-दीड किलो वर दिसतो. ती चरबी नसते.

कंबर मोजताना सलवारीचा किंवा पँटचा घेर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हाताला लागतं, त्या दोन्हींच्या मधोमध टेप लावा, श्वास नेहमीसारखा सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. आपल्याकडे बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) मर्यादाही खाली धरतात: २३च्या पुढे वजन जास्त, २५च्या पुढे स्थूलता. म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईने ५५ किलो ओलांडले की लक्ष द्यायचं आणि ६० ओलांडले की गांभीर्याने घ्यायचं.

तिसरं माप कोणी घेत नाही, पण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा. हात छातीवर आडवे धरा. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे.

खाण्याची नोंद करताना वेळ लिहा आणि उभ्याने खाल्लेलंही लिहा. मुलीच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, चव बघायला घेतलेली भाजी, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, देवळातला प्रसाद. माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात दिसलं की सकाळ-दुपारचं माझं खाणं ठीकठाक होतं. सगळा घोळ संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊ या वेळेतला होता.

*सावध राहा:* वही सुरू केली की माणूस लगेच शहाण्यासारखं खायला लागतो. तसं करू नका. नेहमीचं खाणं लिहिलं नाही, तर कुठे कापायचं ते कळणार नाही.

पायरी २: रक्त आणि औषधं तपासून घ्या

फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की वजन उतरवायचं आहे, आधी तपासण्या सांगा. बहुधा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताची तपासणी, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं होतं. रक्तदाबही मोजून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, ६.५ किंवा वर आला तर मधुमेह.

सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पानं न्या. स्टेरॉइड आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढतं. असं असलं तरी गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलून पर्याय आहे का ते बघायचं. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, दिवसभर पेंग येणं हे घरच्यांनी पाहिलं असेल तर तेही सांगा.

*सावध राहा:* इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक जेवण कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डोस बदलून घेतल्याशिवाय पायरी ५ सुरू करू नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, किंवा काहीच न करता वजन उतरू लागलं, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.

पायरी ३: कापण्याआधी प्रथिनं वाढवा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात अडवून सांगितलं, “अगं, मी रात्रीचं जेवणच बंद केलंय, नुसती कोशिंबीर खाते.” मी विचारलं, “मग दिवसभरात प्रथिनं किती जातात?” त्या म्हणाल्या, “वरण असतं की रोज!” आपल्या बहुतेक घरांत हेच उत्तर मिळेल, म्हणून हिशेब नीट मांडून दाखवते.

चहा आणि दोन-चार बिस्किटं. नाश्त्याला पोहे. डब्यात तीन पोळ्या आणि भेंडी. संध्याकाळी चहा-खारी. रात्री भात, पातळ वरण, पालेभाजी. या सगळ्यातून जेमतेम ३०-३५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वरणाच्या वाटीत कच्ची डाळ १५-२० ग्रॅम असते, त्यातून ४-५ ग्रॅमच हाती लागतात, बाकी पाणी. भारतीय शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे. ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम झाले. मुळात निम्म्यावर असताना जेवण कापलं की शरीर स्नायू मोडून खर्च भागवतं. काटा खाली येतो, माणूस खूश होतो आणि सिलिंडर सरकेनासं होतं.

भरून काढायला परदेशी काही आणावं लागत नाही. दोन अंडी १२ ग्रॅम. ५० ग्रॅम अख्ख्या मुगाची धिरडी साधारण १२. ४० ग्रॅम कच्च्या मटकीला मोड आणून केलेली उसळ ९. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, फुटाणे ६. वाटीभर दही ३-४. ५० ग्रॅम पनीर ९. १०० ग्रॅम बांगडा १९ च्या आसपास. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५. सुके बोंबील, सोडे, जवळा यांत प्रथिनं भरपूर असतात, पण मीठही असतं. रक्तदाब असेल तर बेताने.

क्रम असा धरा. पहिला आठवडा फक्त नाश्ता बदला. दुसऱ्या आठवड्यात डब्यात एक पोळी कमी आणि उसळ किंवा पिठलं जास्त. तिसऱ्या आठवड्यात वरण घट्ट करा, इतकं की ताटात पसरलं नाही पाहिजे. बाकी अजून काहीही कापू नका.

उसळींनी पोट फुगत असेल तर कडधान्य नीट भिजवून, मोड आणून, मऊ शिजवा आणि पहिले पंधरा दिवस अर्ध्या वाटीवर राहा. सवय होते.

*सावध राहा:* क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही पायरी डॉक्टरांना विचारूनच.

*तपासून बघा:* नाश्ता केल्यावर साडेअकराला भूक लागते का? लागत असेल तर नाश्त्यात प्रथिनं अजून कमी आहेत.

पायरी ४: ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीन दिवस

‘मी रोज पाऊण तास चालते, तरी उतरत नाही’ ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. चालणं चांगलंच आहे, पण पाऊण तास चालून दीड-दोनशे कॅलरी खर्च होतात आणि स्टेशनबाहेरचा एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. शिवाय चालण्याने हाता-पाठीचे स्नायू वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहेच, सोबत दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायामही सांगितले आहेत. आपण पहिलं वाक्य वाचतो आणि दुसरं सोडून देतो.

जिम लागत नाही. सोफा आणि टीव्हीच्या कपाटामध्ये जेवढी जागा असते तेवढी पुरते. पाच प्रकार:

१. खुर्चीवरून उठबस. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.
२. भिंतीला हात टेकून दंड. जमले की ओट्याला, मग पलंगाच्या कडेला.
३. दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून, कंबरेतून पुढे वाकून, कोपर मागे ओढणं. पाठ सरळ हवी.
४. त्याच बाटल्या धरून उभ्याने टाचा उचलणं.
५. बाजाराच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून घरातल्या घरात चालणं. एक फेरी उजव्या हाताने, एक डाव्या.

प्रत्येकी ८ ते १२ वेळा, आधी दोन फेऱ्या, महिन्याभराने तीन. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा अगदी सहज होऊ लागले की वजन वाढवा किंवा उंची कमी करा. इथेच बहुतेक जण अडकतात: सहा महिने त्याच दोन बाटल्या, तेवढेच आकडे. स्नायूला रोज तेच ओझं मिळालं तर तो वाढायचं कारण नाही.

व्यायामाचे दिवस सलग ठेवू नका. मंगळवार, गुरुवार आणि रविवार बऱ्याच जणांना जमतात. सकाळची लोकल चुकवायची नसेल तर रात्री जेवणाआधी करा.

*सावध राहा:* श्वास रोखून वजन उचलू नका, रक्तदाब झपाट्याने चढतो. उचलताना श्वास सोडा. छातीत दाब, चक्कर, किंवा डाव्या हातात-जबड्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

पायरी ५: आता कपात, आणि तीही एकाच जागी

तिसरी-चौथी पायरी तीन आठवडे टिकली असेल तरच इथे या. वही उघडा आणि सगळ्यात मोठं भगदाड कुठे आहे ते बघा. मुंबईच्या नोकरदार घरांत ते बहुधा या दोनपैकी एक निघतं.

पहिलं, तेल. महिन्याच्या एक तारखेला तेलाच्या डब्यावर मार्करने रेघ मारा, तीस तारखेला परत बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ मिली, म्हणजे ३८ ग्रॅम पडतं. कॅलरी झाल्या साडेतीनशेच्या जवळ. तेच तीन लिटरवर आणलं तर माणशी २३ ग्रॅम. भूक तेवढीच, ताट तेवढंच आणि रोजच्या जवळपास १४० कॅलरी कमी. माझ्या घरी हे नुसत्या चमच्यामुळे झालं. आधी मी बुधलीतून थेट कढईत तेल ओतायची. मग बुधली कपाटात गेली आणि ओट्यावर वाटी आली. सकाळी दिवसभराचं तेल त्या वाटीत काढायचं, मोजूनमापून, आणि फोडणी पोह्याच्या चमच्याने करायची. पहिल्या आठवड्यात दुपारी दोनलाच वाटी रिकामी झाली. वांग्याच्या कापांनी सगळं पिऊन टाकलं होतं. त्यानंतर कापं तव्यावर झाकण घालून, पाण्याचा हबका मारून होऊ लागली.

दुसरं, संध्याकाळ. दीडला डबा खाल्ला, सहाला ऑफिस सुटलं, सव्वाआठला घरी. सात तास पोटात चहाशिवाय काही नाही. मग दादरच्या पुलावरून उतरतानाच भज्यांचा वास खेचतो, घरी येऊन चिवड्याचा डबा उघडतो आणि दहाला पुन्हा पूर्ण जेवण. इथे मनाला दोष देऊन उपयोग नाही. पाच वाजता खा. फुटाणे आणि ताक, उकडलेलं अंडं, मोड आलेल्या मुगावर कांदा-लिंबू, नाहीतर पेरू. मुद्दाम वाढवलेलं हे एक खाणं रात्रीचं दीड खाणं वाचवतं. कमी खायचं म्हणून पाच वाजता उपाशी राहणं हीच या वयातली सगळ्यात महाग पडणारी चूक, असं माझं ठाम मत आहे.

एका वेळी एकच भगदाड बुजवा. भात, साखर, तेल आणि रात्रीचं जेवण एकदम सोडलं तर काय लागू पडलं ते कळत नाही, आणि सुटलं की सगळंच एकदम सुटतं. वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर. ७२ किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरवले तरी ते ५ टक्के होतात, आणि एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात.

पायरी ६: चालणं आणि झोप

चालायला वेगळा तास मिळत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, साखरेलाही बरं. शिवाजी पार्कला किंवा मरीन ड्राइव्हला जाणं होत असेल तर उत्तम. नाहीतर एक स्टॉप आधी उतरा. जून ते सप्टेंबर मात्र बाहेरच्या चालण्यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात खंड पडला की दसऱ्यापर्यंत परत जुळत नाही. बिल्डिंगचा जिना वापरा: चढताना जिना, उतरताना लिफ्ट. उतरताना गुडघ्यांवर ताण जास्त येतो.

झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं मागितलं जातं. रात्री अंग एकदम तापून, घामाने भिजून जाग येत असेल तर ‘हे असंच असतं’ म्हणून सोसू नका. त्यावर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

पायरी ७: चार आठवड्यांनी वही उघडा आणि ठरवा

आठवड्याला निर्णय बदलू नका. पाळी अनियमित झाली असेल तर चार आठवड्यांची सरासरी आधीच्या चार आठवड्यांशीच ताडून बघा.

वजन आणि कंबर दोन्ही उतरतायत, खुर्चीचा आकडा तेवढाच किंवा वाढलाय: काहीही बदलू नका. वेग वाढवायचा मोह याच वेळी होतो.

वजन जागच्या जागी, पण कंबर दोन सेंटिमीटर कमी: पद्धत लागू पडली आहे. काट्याकडे बघून ती सोडू नका.

वजन झपाट्याने उतरतंय आणि खुर्चीचा आकडा घसरलाय: थांबा. स्नायू जातायत. खाणं थोडं वाढवा, प्रथिनांचा हिशेब परत करा, व्यायाम सुटलाय का ते बघा. माझ्या पावडरीच्या तीन महिन्यांत मी हा आकडा मोजला असता तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

काहीच हललं नाही: शनिवार-रविवारची पानं वाचा. पाच दिवस नेमाने जातात आणि दोन दिवसांत मटण, बिर्याणी, हॉटेल यांत सगळं भरून निघतं. तिथेही नीट असेल तर दुसरं भगदाड निवडा. दोन्ही बुजवूनही आठ आठवडे काटा आणि टेप ढिम्म असतील तर डॉक्टरांकडे परत जा.

पायरी ८: सण आणि उपास आधीच वहीत मांडा

श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र. उपासाने वजन उतरेल असं धरून चालणारे पुष्कळ जण आहेत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावाला, आणि खिचडी सुटी व्हायला तूप सढळ हाताने पडतं. उपास करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी, दही, भगर, बेताचे शेंगदाणे, रताळं असा करा.

दिवाळीत फराळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही. फराळ जेवणाच्या जागी बशीत घेऊन, बसून खा. येता-जाता डबा उघडणं बंद करायचं. गणपतीत घरोघरी प्रसाद असतो, तिथे मोदक एक घ्या आणि चवीने खा. उकडीचा मिळाला तर तळलेला सोडा. या दिवसांत वजन उतरवण्याचं ध्येय ठेवू नका, आहे तिथे टिकलं तरी पुष्कळ. व्यायामाचे दोन दिवस मात्र सोडायचे नाहीत.

इंजेक्शनांबद्दल

टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधं आता भारतात मिळतात आणि ती भूक खरोखर कमी करतात. काहींना ती लागतात, त्यात कमीपणा नाही. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायची. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल तर आधी सांगायचं. भूक मेल्यावर प्रथिनं सगळ्यात आधी सुटतात, म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यांना तिसरी आणि चौथी पायरी इतरांपेक्षा जास्त लागते. बंद केल्यावर वजन परत चढण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा थांबवायचं कसं हे सुरू करतानाच विचारा.

ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचल्यावर

वजन आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. खुर्चीची उठबस महिन्यातून एकदा. सरासरी दोन किलोंनी वर गेली की नवीन काही शोधायचं नाही. तेलाच्या डब्यावर परत रेघ मारायची आणि पंधरा दिवस वही लिहायची.